‘इथं काही होऊनच नाही राहिलं’: चार महिन्यांत नोकरी सोडावी का?

प्रश्न थोडक्यात असा. मुलगा २७ वर्षांचा, नागपूरचाच. तीन वर्षं पुण्यात एका छोट्या स्टार्टअपमध्ये डेव्हलपर होता. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वडील वेकोलितून (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीतून) रिटायर झालेले, म्हणून घरी परतला आणि १५ जानेवारीला मिहानमधल्या (नागपूर विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीतल्या) एका कंपनीत लागला. कंपनी बँकांसाठी कर्जखात्यांचं सॉफ्टवेअर बनवते. तो लिहितो: ‘पुण्यात आम्ही दिवसाला तीनदा रिलीज करायचो, म्हणजे नवा कोड चालू सिस्टिमवर चढवायचो. इथं स्क्रीनवरचं एक लेबल बदलायला १९ दिवस लागले. ओव्हरड्यूच्या जागी ड्यू, बस. मॅडम, इथं काही होऊनच नाही राहिलं. जुना बॉस परत बोलावून राहिला आहे. सहा महिन्यांचं प्रोबेशन जुलैत संपतं. सोडू का?’

मी या धंद्यात २४ वर्षं आहे, त्यातली १६ बँका आणि विमा कंपन्यांच्या कामात गेली. गेली नऊ वर्षं माणसं घेण्याचं आणि निरोप देण्याचंही काम माझ्याकडे आहे. ‘मॅडम, पाच मिनिटं आहेत का?’ असं विचारत चौथ्या-पाचव्या महिन्यात दाराशी येऊन उभं राहिलेलं पोरगं मला चेहऱ्यावरूनच कळतं. त्यातली काही गेली, बरं झालं. काही गेली आणि वर्षभरात परत यायला बघत होती. काही थांबली, आणि त्यांनी जायला हवं होतं.

सगळ्यात आधी, तू लागलास त्या तारखेकडे बघ. बँकेच्या कामात १५ जानेवारीहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. ३१ मार्चला बँकेची पुस्तकं बंद होतात आणि त्याच्या आधीचे काही आठवडे बहुतेक बँका चालू सिस्टिमला हात लावू देत नाहीत. यालाच फ्रीझ म्हणतात. आग लागली असेल तरच बदल, नाहीतर एप्रिलनंतर या. एप्रिल उजाडला की ऑडिटवाले, त्यांना हवे असलेले रिपोर्ट, आणि फ्रीझमध्ये तुंबलेली सगळी कामं एकदम दाराशी. म्हणजे तुझ्या चार महिन्यांतला निम्माअधिक काळ कंपनी मुळात चाललेलीच तू पाहिलेली नाहीस. एखादा पाहुणा मे महिन्यात नागपुरात यावा आणि ‘तुमच्या गावात दुपारी माणसं राहतात की नाही?’ असं विचारत परत जावा, तसं झालं हे.

आता ते लेबल. तू म्हणतोस एक शब्द, कोडची एक ओळ. अरे, बँकेत या दोन शब्दांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ड्यू म्हणजे अमुक तारखेला भरायची रक्कम. ओव्हरड्यू म्हणजे तारीख उलटली तरी न भरलेली. ही दुसरी रक्कम ९० दिवसांच्या वर थकली की खातं एनपीए (अनुत्पादक, थकीत कर्ज) होतं, बँकेला नफ्यातून तरतूद बाजूला काढावी लागते, आणि कर्जदाराच्या क्रेडिट रिपोर्टवर जो डाग पडतो तो घेऊन तो पुढची काही वर्षं फिरतो. तुझं लेबल नुसतं स्क्रीनवर होतं, की खातेउताऱ्यावरही तेच छापलं जात होतं? नोटिशीच्या नमुन्यात तेच फील्ड ओढलं जातं का? शाखेतला माणूस त्या स्क्रीनचा फोटो काढून कर्जदाराला व्हॉट्सॲपवर पाठवतो का? (पाठवतो. नेहमी पाठवतो.) यातलं काही त्या १९ दिवसांत तुला कुणी सांगितलं का? सांगितलं नसेल तर चूक तुझ्या टीमची. तू विचारलंही नसशील तर थोडी तुझीही.

बँकेत एकजण नोंद करतो आणि दुसरा ती तपासून पास करतो. मेकर आणि चेकर. हीच सवय बँकेला सॉफ्टवेअर विकणाऱ्यांच्या अंगात मुरते, आणि ती उगाच मुरलेली नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर बाजारातल्या कंपनीला नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तो सातवरच चढला. आठव्यावर वर्षानुवर्षं पडून असलेला जुना कोड जागा झाला, आणि बाजार उघडल्यावर पाऊण तासात कंपनीचे सुमारे ४४ कोटी डॉलर गेले. आठही सर्व्हर झाले का, हे बघायला दुसरा माणूस नेमलेला नव्हता. वर्षभरात ती कंपनी दुसरीत विलीन झाली. मी नव्या मुलांना ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगते. ती ऐकून सगळे गंभीर होतात आणि महिन्याभरात विसरतात, ते सोड.

पण एवढ्यानं १९ दिवस बरोबर ठरत नाहीत. सावधपणा वेगळा आणि ढिसाळपणा वेगळा, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. ते ओळखायला एक पान लागतं.

मागच्या वर्षी माझ्या टीममधल्या एका मुलीनं ते पान लिहिलं. काम होतं एका रिपोर्टमध्ये रकाना वाढवायचं. कोड लिहिणं, रिव्ह्यूत (दुसऱ्यानं कोड तपासताना) आलेल्या शेऱ्यांना उत्तरं, टेस्टिंग, सगळं मिळून कामाला प्रत्यक्ष हात लागला तो सहा तास. कॅलेंडरवर गेले २२ दिवस. उरलेला वेळ कुठं गेला ते तिनं तारखांनिशी मांडलं. रिव्ह्यूसाठी चार दिवस पडून. टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चाचणीसाठीची वेगळी सिस्टिम, दुसऱ्या टीमकडे होतं, तिथं पाच. मग चेंज बोर्डाची, म्हणजे बदलांना मंजुरी देणाऱ्या समितीची, बुधवारची मीटिंग. तिची यादी सोमवारी दुपारी चारला बंद होते, आणि हिचा अर्ज गेला सोमवारी सहाला. म्हणजे सरळ पुढच्या आठवड्याचा बुधवार, नऊ दिवस. मंजुरी मिळाली तरी चढवायचं शनिवारी रात्री, आणखी तीन.

तिनं ते पान काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवलं. मला लाज वाटली, कारण सोमवारी चारची वेळ सहा वर्षांपूर्वी मीच ठरवली होती आणि कशासाठी ते मला आठवेना. आता यादी मंगळवारी संध्याकाळी बंद होते. बोर्ड आहे तसंच आहे, त्याचे प्रश्नही तेच. फक्त त्या एका वेळेनं दर आठवड्याला कुणाचे तरी सात दिवस खाल्ले जात होते ते थांबलं.

तूही तुझ्या लेबलचं असं पान लिही. प्रत्येक थांब्यापुढे एकच गोष्ट नोंदव: इथं काम थांबल्यानं कुणी काही तपासलं का? चेंज बोर्डानं ‘हे उताऱ्यावर छापतं का?’ असं विचारलं असेल तर ते दिवस कामी आले. बोर्डातले सहाजण मान डोलावून पुढच्या विषयाकडे वळले असतील तर ते नुसते गेले.

रिव्ह्यूच्या दिवसांबद्दल मात्र लगेच कुणाला आळशी म्हणू नकोस. तिथं रांगेचं गणित असतं, आणि ते बहुतेकांच्या अंदाजापेक्षा फार वेगळं वागतं. तर्री-पोह्याचा ठेला डोळ्यांपुढे आण. ठेलेवाला एकटा, एका प्लेटला सरासरी एक मिनिट. गिऱ्हाईक कसंही, कधीही येतं. तो निम्मा वेळ रिकामा असेल तर तुला सरासरी एक मिनिट थांबावं लागेल. तो ८० टक्के वेळ गुंतलेला असेल तर चार मिनिटं. ९० टक्के असेल तर नऊ. ९५ टक्क्यांना १९. हात तितक्याच वेगानं चालतोय, प्लेटला अजूनही मिनिटच लागतं, पण रांग कोपऱ्यापर्यंत गेलेली. तुझे सीनियर, ज्यांच्याबद्दल तू लिहितोस की ‘उत्तरच देत नाहीत’, ते बहुधा ९५ टक्क्यांवरचे ठेलेवाले आहेत. अशा माणसाला दिवसातून तीनदा पिंग केल्यानं त्याची रांग लांबते, कारण तुला उत्तर देणं हीसुद्धा एक प्लेटच.

त्याची रांग कमी करायची तर ८०० ओळींचा बदल ८० ओळींच्या तुकड्यांत दे. त्याच्याकडे जाणारे सोपे रिव्ह्यू ‘पहिली नजर मी टाकतो’ म्हणून तू घे. आणि टेस्टिंगच्या एन्व्हायर्नमेंटचं बुकिंग कोण सांभाळतं ते शोधून त्याच्यासोबत एकदा चहा घे. हे शेवटचं तुला फालतू वाटेल. मी याच्यावर पाच-पाच दिवस वाचवलेत.

आता मुद्द्याचं बोलते. माझ्या मते नोकरी संथ आहे की नाही यावरून सोडायचं ठरवूच नये. त्या संथपणाचा तिथं कुणाला त्रास होतो का, यावरून ठरवावं.

माझ्या दोन नोकऱ्यांमुळे मी असं म्हणते. पहिली इथंच, नागपुरात, बिलिंगचं काम. डेटाबेस सांभाळणारे एक पन्नाशीचे गृहस्थ होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. कुठलाही बदल त्यांच्या लांबोडक्या रजिस्टरमध्ये लिहिल्याशिवाय चढत नसे: काय बदललं, कुणी, आणि उलटं फिरवायचं झालं तर नेमक्या कुठल्या पायऱ्या. उलटं फिरवायच्या पायऱ्या लाल पेनानं. त्या लिहून आणल्या नसतील तर ते कागद परत करायचे, बोलायचेही नाहीत. पहिले तीन महिने मी त्यांच्या नावानं बोटं मोडली. मग एका रात्री माझ्याच बदलानं बिलांची बॅच अडली. काकांनी रजिस्टर उघडलं, माझ्याच अक्षरातल्या चार लाल ओळी वाचल्या आणि २० मिनिटांत सिस्टिम होती तशी केली. दुसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, ‘हे रजिस्टर मला पण नाही आवडत. काही उपाय असेल तर सांग.’ आम्ही दोघांनी मिळून त्यातलं निम्मं स्क्रिप्टमध्ये घातलं. तिथं मी साडेतीन वर्षं होते, आणि आज जे काही येतं त्याचा पाया तिथलाच.

दुसरी नोकरी दुसऱ्या शहरातली, नाव मोठं, पगार मोठा. तिथंही सगळं संथच. फरक एवढाच की मी ‘हे काहून इतकं लांबतं?’ असं विचारलं की लोक माझ्याकडे कौतुकानं बघून हसायचे. नवी आहेस, होईल सवय. आणि झाली की. साडेदहाला जायचं, दोन मीटिंगा, चहा, एक मेल, चहा. दोन वर्षं. मग एका इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी साधं विचारलं, ‘गेल्या दोन वर्षांत तुम्ही केलेलं एखादं काम सांगा, ज्यात काहीतरी बिघडलं आणि तुम्ही ते सुधारलंत.’ मी तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. एसी चालू असताना मानेवर घाम फुटलेला मला अजून आठवतो. तिथून मी सहाव्या महिन्यात निघायला हवं होतं.

तुझ्या मॅनेजरला, भांडणाच्या सुरात न जाता, पान हातात ठेवून एक प्रश्न विचार: ‘गेल्या वर्षभरात यातलं काय कमी झालं?’ त्यांनी एक जरी नेमकी गोष्ट सांगितली, अमुक टेस्ट हातानं व्हायची ती आता आपोआप होते, तमुक मंजुरी काढून टाकली, तर त्या जागेत जीव आहे. ‘जमत नाहीये, तूच बघ जरा’ असं म्हणाले तर त्याहून चांगलं. ‘इथं असंच चालतं’ म्हणाले तर उत्तर मिळालं. पान न बघताच बाजूला ठेवलं, तरी मिळालं.

आणि पुण्याच्या त्या तीन रिलीजबद्दल. दिवसाच्या तीनपैकी किती रिलीज कालच्या चुका निस्तरायला होते? मी हे टोमणा म्हणून विचारत नाहीये. काही टीम खरंच दिवसाला दहादा चढवतात आणि काही मोडत नाही, कारण मागे चोख टेस्ट असतात आणि एक बटण दाबून मागे येता येतं. तुमच्याकडे ते होतं का, ते तूच जाणतोस. असेल तर तुझ्याकडे या कंपनीला देण्यासारखं काहीतरी आहे, आणि ते तू अजून दिलेलं नाहीस. नसेल, तर तुला आठवण येते ती वेगाची की धावपळीची, हे एकदा स्वतःशी ताडून बघ. जुना बॉस बोलावतोय तर त्याला सरळ विचार: पगाराचे पैसे किती महिन्यांचे आहेत, आणि नागपुरातून काम चालेल का? दुसऱ्याचं उत्तर नाही असेल तर मग हा प्रश्न आईच्या गुडघ्याचा आहे, रिलीजचा नाही, आणि त्यात मी बोलणं बरं नव्हे.

कागदपत्रांचं आता. ऑफर लेटर काढून प्रोबेशनचा परिच्छेद वाच. बहुतेक ठिकाणी प्रोबेशनमध्ये नोटीस १५ ते ३० दिवसांची असते आणि कन्फर्म झालं की ६० किंवा ९० दिवसांची. तुझं प्रोबेशन १४ जुलैला संपतं. त्यामुळे निर्णय जून संपायच्या आत घे. नंतर सोडलंस तर तीच नोटीस तिप्पट लांब होऊ शकते, आणि नव्या कंपन्या ९० दिवस ऐकून तोंड वाकडं करतात. कन्फर्मेशन आपोआप होतं की पत्र द्यावं लागतं तेही बघ. जॉइनिंग बोनस घेतला असशील तर तो वर्षाच्या आत परत करायची अट असते का, तेही.

बाँडवर, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर, सही केली असेल तर ‘असल्या बाँडला कोर्टात किंमत नसते’ या टपरीवरच्या कायद्यावर विसंबू नकोस. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायची अट वैध धरली. ते सार्वजनिक बँकेचं प्रकरण होतं आणि भरतीचा खर्च वगैरे बघून निकाल झाला, त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा प्रत्येक बाँड त्यानं पक्का होत नाही. पण सही करताना जे वाचलं नाहीस ते सोडताना तरी वाच.

पीएफ काढू नकोस, यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफच्या नंबरवर) ट्रान्सफर कर. पुण्याची तीन वर्षं आणि ही, ट्रान्सफर केलं तर एकत्र मोजली जातात, आणि सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो. दुसरं म्हणजे, पाच-सहा महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळायचा विचार मनात आणू नकोस. तुझा पीएफ कापला गेला आहे, म्हणजे यूएएनवर या कंपनीची नोंद आहे, आणि पडताळणी करणारे तीच बघतात. छोटी नोकरी मला कधीच खटकत नाही. लपवलेली खटकते. लागोपाठ दोन छोट्या असतील तर मात्र मी दोनदा विचारते, म्हणून पुढची नीट निवड.

बाबा ग्रॅच्युइटीचं म्हणतील. वेकोलित ३५ वर्षं काढलेल्या माणसानं ते म्हणावंच. नेहमीच्या कायम नोकरीत ती पाच वर्षांनी लागते, पाच महिन्यांच्या निर्णयात तिचं काही काम नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस, ऐकून घे.

नागपूरचंही थोडं. पुण्यात कंपनी सोडून रस्ता ओलांडला की दुसरी लागते. इथं मिहान, गायत्रीनगरचा आयटी पार्क आणि आणखी थोडंफार. बँकेच्या सॉफ्टवेअरमधली माणसं तर इतकी मोजकी की चार इंटरव्ह्यू दिलेस की पाचव्या ठिकाणी तुझी ओळख तुझ्याआधी पोचलेली असते. म्हणून गेलास तरी भांडून जाऊ नकोस. घरून काम देणारी बाहेरगावची कंपनी हा इथं बसून मिळणारा तिसरा रस्ता आहे, आणि त्यासाठी कर्जखात्याची समज असलेला डेव्हलपर नुसत्या डेव्हलपरपेक्षा महाग जातो. व्याज कसं मोजतात, डे-एंडला (दिवसाचे व्यवहार बंद करताना) काय काय चालतं, चुकीची नोंद उलटी कशी फिरवतात, हे तुला आता सहा आठवड्यांत शिकता येईल. ते इथं बसून पगार घेऊन शिकायचं की नाही, एवढा विचार कर. तू साडेसहाला घरी पोचतोस असंही लिहिलं आहेस, जाता जाता, तक्रार म्हणून. मी ते दोनदा वाचलं.

तेव्हा पान या आठवड्यात, मॅनेजरशी बोलणं जूनच्या पहिल्या आठवड्यात. मग तीन आठवडे काही हलतं का ते बघ. एखादा थांबा जरी तुझ्या हातून कमी झाला तर डिसेंबरपर्यंत थांब, फ्रीझ नसलेली कंपनी एकदा पाहून घे. काहीच हललं नाही आणि कुणाला त्याचं काही वाटलंही नाही, तर २९ जूनला दोन ओळींचा राजीनामा दे. कारण लिहायची गरज नाही.

आणि सोमवारी गेल्या गेल्या सीनियरला विचार, ते लेबल उताऱ्यावर छापतं का.